धक्क्यावरून घरी: ब्रिटनच्या किनाऱ्यावरचा मासा मराठी स्वयंपाकघरात आणताना

उन्हाळा सुरू झाला की ब्रिटनमधल्या मराठी ओळखीपाळखीतून मला एकाच धर्तीचे फोन येतात. 'ब्रिक्सहॅमला गेलो होतो, हेक छान दिसला म्हणून आणला, सुरमईसारखं कालवण केलं आणि पातेल्यात नुसता भुगा उरला.' 'जिवंत खेकडे घेतले, घरी पोचेपर्यंत मेले.' 'मॅकरेल खाल्लं आणि तासाभरात सगळ्यांची तोंडं लाल झाली.' प्रत्येक वेळी मासा चांगलाच होता. चुकला होता तो क्रम. मसाला आधी ठरला, मासा मागून शोधला, आणि बर्फाच्या पेटीचा विचार शेवटी गाडीत बसताना झाला.

असं दोनदा झालं की लोक धक्क्याकडे फिरकत नाहीत, पुन्हा गोठवलेल्या पापलेटाच्या पाकिटाकडे वळतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ब्रिटनच्या होड्या पकडतात त्यातला मोठा हिस्सा परदेशी जातो, आणि इथली घरं मात्र कॉड, हॅडॉक, सामन, ट्यूना आणि कोळंबी या पाचांभोवतीच फिरतात. लहान होडीवाल्याला असं गिऱ्हाईक हवं असतं जे काट्याचा मासा खाईल, डोकं टाकणार नाही आणि अनोळखी जातीला नाक मुरडणार नाही. ती माणसं आपणच आहोत. म्हणून हा क्रम सविस्तर लिहितोय. आधी होडी, मग मासा, मग मसाला.

टप्पा १: घरून निघताना माशाचं नाव ठरवू नका, महिना बघा

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आणि नारळी पौर्णिमेला नवा हंगाम, हे गणित डोक्यात पक्कं असतं. ब्रिटनमध्ये अशी सरसकट बंदी नाही. इथे जातीजातीचे नियम वेगळे. सी बासची मासेमारी फेब्रुवारी आणि मार्चमध्ये बंद असते. इतर जातींना कोटा असतो, आकाराची मर्यादा असते, भागाभागाचे नियम असतात. त्यामुळे 'आज मासे मिळतील का' हा प्रश्न इथे अपुरा पडतो. 'या महिन्यात कोणते चांगले' असं विचारावं लागतं.

दक्षिण आणि नैर्ऋत्य किनाऱ्यापुरता माझा ढोबळ हिशोब असा. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत तपकिरी खेकडा. वसंत संपताना लांब पायांचा स्पायडर क्रॅब किनाऱ्याकडे येतो. मे ते सप्टेंबर हाताच्या गळावरचं मॅकरेल. जुलैनंतर थेट हिवाळ्यापर्यंत कॉर्निश सार्डिन. थंडी पडली की स्प्रॅट आणि हेरिंग. मसल्स सप्टेंबर ते एप्रिल. प्लेस हा चपटा मासा जानेवारी ते मार्च घेऊ नये. त्या दिवसांत तो अंडी घालतो आणि अंगाने पाणचट होतो. असला मासा तव्यावर टाकला की पाणी सुटतं, रवा गळून पडतो, आणि घरी सगळे रव्याला दोष देतात.

*तपासा:* मागचे तीन दिवस वाऱ्याचे होते का? लहान होड्या वादळात बाहेर पडत नाहीत. सतत वारं असताना कुणी 'आज सकाळचा, छोट्या होडीचा' असं सांगत असेल, तर होडीचं नाव विचारा.

टप्पा २: घ्यावा की नाही, हे तीन गोष्टींवरून ठरवा

मरीन कन्झर्व्हेशन सोसायटीची 'गुड फिश गाइड' फोनवर उघडून ठेवा. त्यात १ ते ५ असे गुण असतात. १ आणि २ म्हणजे हिरवा, ५ म्हणजे लाल, घेऊच नका. इथे बहुतेकांची चूक होते ती अशी, की ते फक्त माशाचं नाव शोधतात आणि पहिला दिसेल तो गुण धरतात. गुण तीन गोष्टींवर ठरतो: जात, पकडण्याचा भाग आणि पकडण्याची रीत. तिन्ही माहीत नसतील तर गुणाला अर्थ नाही. पाणबुड्याने हाताने वेचलेला स्कॅलप (मोठा शिंपला) आणि समुद्राचा तळ खरवडून काढलेला स्कॅलप दुकानात शेजारी शेजारी असतात, दिसायला एकसारखे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येच्या पोलॅक या माशाला २०२४ मध्ये खास पकडायला बंदी आली. जाळ्यात चुकून आलेला तेवढाच किनाऱ्यावर आणता यायचा. तिथल्या समुद्रातला कॉडही घेऊ नका.

आता मॅकरेल. आपल्या सगळ्यांचा जीव या माशात अडकलाय, कारण तव्यावर पडला की बांगड्याचा वास येतो. पण ईशान्य अटलांटिकमधल्या मॅकरेलची अवस्था वाईट आहे. शाश्वत मासेमारीची एमएससीची (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलची) निळी खूण त्याने २०१९ मध्येच गमावली. किनाऱ्यावरच्या देशांचं वर्षानुवर्षं वाटणीवर एकमत झालं नाही, जो तो आपापला कोटा ठरवत गेला, आणि सगळ्यांची बेरीज शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या मर्यादेच्या वर जात राहिली. २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी पुढच्या वर्षासाठी सुमारे ७० टक्के कपात सुचवली. याचा भार सर्वांत आधी बसतो तो कॉर्नवॉल-डेव्हनमधल्या गळवाल्यांवर, ज्यांचा या उपशात वाटा अगदी नगण्य आहे. माझ्या घरी आता नियम असा: मॅकरेल उन्हाळ्यातच, हाताच्या गळावरचं, माणशी एक, आणि तेही क्वचित. रोजच्या कालवणाला सार्डिन.

कॉर्निश सार्डिन म्हणजे पूर्वी पिलचर्ड नावाने विकला जायचा तोच मासा. लहान होड्या रात्री किनाऱ्याजवळ गोल जाळं टाकून तो पकडतात. या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यापासून सहा मैलांच्या आत पकडलेल्यालाच ते लावता येतं. तारल्या आणि पेडवे खाऊन वाढलेल्या माणसाला याच्याशी ओळख करून द्यावी लागत नाही.

*सावधान:* पाकिटावर ब्रिटनचा झेंडा दिसला म्हणजे मासा ब्रिटिश असं नाही. मासा कुठे पकडला, कोणत्या साधनाने पकडला आणि तो जंगली की पाळलेला, हे लेबलवर लिहावंच लागतं. ती बारीक ओळ वाचा. 'इथे पॅक केलेलं' आणि 'इथे पकडलेलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी गोठवून मग वितळवलेला मासा असेल तर तेही लिहिलेलं असतं.

टप्पा ३: आपल्या पदार्थाला इथला मासा जुळवा

हेच मुळात उलटं केलं जातं म्हणून थोडं थांबून सांगतो. सुरमईचा कापा घट्ट असतो. थंड पाण्यातले पांढरे मासे, म्हणजे हेक, कोली, व्हायटिंग, हे मऊ आणि पापुद्र्यांचे. त्यांना सुरमईची रीत लावली की भुगा ठरलेला.

घट्ट कापा हवा असेल तर गर्नार्ड घ्या. चेहरा चिलखत घातल्यासारखा, मांस घट्ट, आणि डोक्याचं आटवण सुरेख होतं. साफ करताना मात्र पाठीच्या आणि कल्ल्यांच्या काट्यांपासून बोटं सांभाळा. पापलेटासारखं पसरट, रव्यात तळायला मेग्रिम किंवा डॅब. मेग्रिमला कुणी विचारत नाही म्हणून कॉर्नवॉलच्या मच्छीमारांनी २०२१ मध्ये त्याचं नाव 'कॉर्निश सोल' ठेवलं आणि स्पायडर क्रॅबला 'कॉर्निश किंग क्रॅब'. पाटीवर ती नावं दिसली तर गोंधळू नका. मुडदुशीच्या जागी व्हायटिंग. मांदेलीच्या जागी स्प्रॅट. मीठ, हळद, तिखट, तांदळाचं पीठ, अख्खे कुरकुरीत तळा आणि काट्यासकट खा. तिसऱ्यांच्या जागी कॉकल्स. करंदीची आठवण आली तर मोरकम उपसागरातली तपकिरी कोलंबी.

हेक मात्र सोडू नका. कॉर्नवॉलच्या जाळ्यातल्या हेकला २०१५ मध्ये एमएससीची खूण मिळाली आणि हा मासा इथे भरपूर येतो. स्पेनवाले तो आवडीने नेतात. आपल्याला फक्त रीत बदलायची आहे, ती टप्पा ८ मध्ये आहे.

टप्पा ४: पेटी आदल्या रात्री भरा

लागेल ते असं: झाकण घट्ट बसणारी थंड पेटी, गोठवलेल्या पाण्याच्या चार-पाच बाटल्या, बर्फाची एक पिशवी, जाड प्लॅस्टिक पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं, एक गोणपाट किंवा जुना टॉवेल, आणि सुटे पैसे. कार्ड सगळीकडे चालेलच असं नाही.

पेटी सकाळी रिकामी नेऊन 'तिथे बर्फ मिळेल' यावर विसंबू नका. जुलैमध्ये गाडीच्या डिकीत बसलेली गरम पेटी थंड व्हायलाच निम्मा बर्फ खाते.

मासा बर्फावर ठेवायचा, पण बर्फाच्या वितळलेल्या पाण्यात पोहू द्यायचा नाही. त्याने मांस फिकं पडतं, चव धुऊन जाते. तळाला बाटल्या, वर वर्तमानपत्राचा जाड थर, त्यावर पिशवीत मासा, वर पुन्हा बर्फ.

टप्पा ५: धक्क्यावर

पीटरहेड, ब्रिक्सहॅम, न्यूलिन ही मोठी बंदरं. तिथला लिलाव व्यापाऱ्यांचा असतो. ब्रिक्सहॅमला तर बोली ऑनलाइन लागते. लिलावाच्या दारात उभं राहून घरगुती गिऱ्हाइकाला काही मिळत नाही. तिथे बंदराजवळची मासळीची दुकानं गाठायची. होडीच्या जवळ जायचं असेल तर लहान गावं बरी. डेव्हनमधल्या बियरला होड्या गोट्यांच्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि मासळीचं दुकान तिथेच आहे. हेस्टिंग्जच्या स्टेड नावाच्या किनाऱ्यावरही होड्या तिथूनच समुद्रात ढकलतात. एसेक्समध्ये ली-ऑन-सीला कॉकल्सच्या शेड आहेत. नॉरफोकमध्ये क्रोमर खेकड्यासाठी, यॉर्कशरमध्ये ब्रिडलिंग्टन शेवंडासाठी, कॉर्नवॉलमध्ये कॅजविथसारखी खाडी. आदल्या दिवशी फोन करा. रविवारी-सोमवारी बऱ्याच ठिकाणी ताजं काही नसतं.

बोलताना चार प्रश्न पुरतात. कधी पकडला? कुठे? कशाने? आणि चौथा, मला सर्वांत जास्त देऊन गेलेला: 'आज असं काय आलंय जे कुणी नेत नाही?' या प्रश्नावर माणसाचा चेहरा खुलतो. मागून एक पेटी पुढे येते. चार डॅब, दोन गर्नार्ड, एखादा ग्रे मुलेट. हा मासा पकडायला डिझेल तितकंच जळालेलं असतं, हात तितकेच थंडीत कापलेले असतात. तो विकला गेला नाही तर खेकड्याच्या सापळ्यात आमिष म्हणून जातो.

घासाघीस करू नका. दर सांगितला असेल तो द्या. फार तर मिश्र पेटीचा एकत्र दर विचारा.

आणि हे स्पष्ट सांगा: 'डोकी द्या, फेकू नका.' इथे मासा साफ करून मागितला की डोकं आणि काटा आपोआप कचऱ्यात जातो. मागितलं तर बहुतेक वेळा तुमच्या माशाची डोकीच काय, हेकची दोन मोठी डोकीही हातावर ठेवतात. साफ करताना गाभोळी निघाली तर ती मागून घ्या. मात्र गाभोळीसाठी म्हणून भरल्या पोटाचा मासा शोधत फिरू नका.

*सावधान:* हौशीने गळ टाकणाऱ्याकडून मासा विकत घेऊ नका. परवाना नसलेल्या होडीवरचा मासा विकणं बेकायदा आहे, आणि त्याने परवानेवाल्याच्याच पोटावर पाय येतो.

टप्पा ६: हातात घेऊन तपासा

कल्ले उचलून बघा. लाल किंवा गर्द गुलाबी हवेत, तपकिरी नकोत. डोळा फुगीर आणि स्वच्छ. अंगावर पारदर्शक चिकटा असेल तर उत्तम. चपट्या माशाच्या अंगावर तो भरपूर असतो आणि आपले लोक त्याला 'सडलाय' समजून मासा परत ठेवतात. वास समुद्राचा हवा. मॅकरेल डोक्याकडून आडवं धरलं तर काठीसारखं ताठ राहायला हवं. शेपूट लोंबली तर त्याला वेळ झाला आहे.

चपटा मासा मात्र त्याच दिवशी तळायची घाई नको. अगदी ताजा मेग्रिम तव्यावर आक्रसून वाकडा होतो. एक दिवस फ्रिजमध्ये राहिला की सरळ तळला जातो आणि चवही खुलते.

टप्पा ७: धक्का ते फ्रिज

मासा घेतला की सहल संपली असं समजा. किल्ला बघायचा असेल तर आधी, मासा नंतर. सुरुवातीला ज्यांची तोंडं लाल झाली ते घर याच जागी चुकलं होतं: मॅकरेल घेऊन दोन तास समुद्रकिनारी बसले, पिशवी सावलीत होती म्हणाले. मॅकरेल, सार्डिन, हेरिंग हे मासे उबेत राहिले की त्यांच्या अंगात हिस्टामिन तयार होतं. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांध्या, छातीत धडधड ही त्याची लक्षणं. आणि हे हिस्टामिन शिजवल्याने जात नाही. कितीही उकळा, तळा, कोकम घाला. त्यामुळे पकडल्यापासून पातेल्यात पडेपर्यंत थंडावा तुटता कामा नये, हा एकच उपाय.

घरी आल्यावर पोट साफ करून, पुसून, ताटलीत झाकून फ्रिजच्या सर्वांत खालच्या, थंड कप्प्यात. तेलकट मासा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवा.

टप्पा ८: साफ करणं आणि शिजवणं

सार्डिनचे खवले नळाखाली अंगठ्यानेच निघतात, सुरी लागत नाही. शेपटीकडून डोक्याकडे अंगठा फिरवा. खवले नाण्यांसारखे सुटून सिंकमध्ये चमकतात. जाळी लावून ठेवा, नाहीतर नळी तुंबते. मग कल्ल्यांच्या मागे एक काप, पोटाच्या कडेने लहानशी चीर, आणि बोटाने आतडी एका ओढीत बाहेर. आता कण्याला चिकटलेली काळपट लाल रेघ दिसेल. ती गोठलेल्या रक्ताची असते आणि कालवणाला कडवटपणा येतो तो तिच्यामुळे. नखाने खरवडून काढा, वाहत्या पाण्यात एकदाच धुवा, लगेच कागदाने कोरडा करा. पाण्यात भिजत घालू नका.

मीठ-हळदीची चूक सर्वांत जास्त होते. सुरमईला तासभर मीठ, हळद आणि आगळ लावून ठेवायची सवय असते. हेक किंवा व्हायटिंगला तासभर आंबट लावलं तर ते मांस पातेल्यात जाण्याआधीच सुटायला लागतं. पांढऱ्या मऊ माशाला फक्त मीठ आणि हळद, १५ मिनिटं. आंबट थेट कालवणात.

कालवणाचा क्रम असा ठेवा:

१. वाटण परता, पाणी घाला, मीठ-कोकम घालून कालवण पूर्ण शिजवा. चव याच वेळी बघा. मासा पडल्यावर काही दुरुस्त करता येत नाही.

२. गॅस मंद करा. कालवण खळखळत नको, कडेला बुडबुडे पुरेत.

३. माशाचे जाड तुकडे कातडीसकट सोडा. कातडी काढली तर धरून ठेवायला काही उरत नाही.

४. डाव घालू नका. पातेलं फडक्याने दोन्ही बाजूंनी धरून हलवा.

५. झाकण ठेवून ५ ते ६ मिनिटं, मग गॅस बंद. उरलेलं काम वाफ करते. सार्डिनला ४ मिनिटं पुरतात.

सार्डिन किंवा मॅकरेल असेल तर तिरफळं विसरू नका; ठेचून घाला, बिया काढून. उन्हाळ्याच्या शेवटी इथलं मॅकरेल आपल्या बांगड्यापेक्षा कितीतरी चरबट असतं, त्याला नारळाचं वाटण निम्मं आणि आंबट थोडं जास्त लागतं. तळायचं असेल तर तव्यावर चमचाभर तेल. बाकीचं ते स्वतःच सोडतं.

*तपासा:* कॉडच्या कुळातल्या माशांच्या पोटाकडच्या भागात आणि मॅकरेलमध्येही कधी बारीक वेटोळी अळी दिसते. तेवढा भाग कापून टाका आणि मासा आतपर्यंत नीट शिजवा. कच्चा किंवा लिंबात मुरवून खाणार असाल तर आधी उणे २० अंशांवर पूर्ण २४ तास गोठवणं आवश्यक आहे.

टप्पा ९: खेकडा

माझे पहिले खेकडे मी बादलीभर नळाच्या पाण्यात घालून आणले. जिवंत राहावेत म्हणून. दोन तासांत चारही गेले. समुद्राचा खेकडा गोड्या पाण्यात मरतो, आणि साठलेल्या खाऱ्या पाण्यातही त्यातली हवा संपली की गुदमरतो. त्याला पाणी नको, ओलावा हवा. ओल्या गोणपाटात गुंडाळून पेटीत ठेवा, खाली वर्तमानपत्राच्या जाड थराखाली थंड बाटल्या, झाकण थोडं उघडं. थेट बर्फावर नको. वाटेत मेलेला, केव्हा मेला ते माहीत नसलेला खेकडा शिजवू नका.

निवडताना उचलून बघा. आकाराच्या मानाने जड हवा. हलका आणि फिकट, चकचकीत कवचाचा म्हणजे नुकती कात टाकलेला. आत पाणी निघेल. उलटा करून पोटाचा पदर बघा: निमुळता तो नर, रुंद ती मादी. नराच्या नांग्या मोठ्या, पांढरं मांस जास्त. मादीत तपकिरी मांस जास्त. अंडी घेतलेली मादी किनाऱ्यावर आणायलाच मनाई आहे. आकाराची मर्यादा ठिकाणानुसार बदलते: कॉर्नवॉलमध्ये कवचाची रुंदी मादीला १५० आणि नराला १६० मिलिमीटर, तर क्रोमरच्या बाजूला ११५. क्रोमरचा खेकडा लहान दिसतो म्हणून तो पिल्लू असतो असं नाही.

पहिल्यांदा करत असाल तर उकडलेलाच घ्या. जिवंत आणला तर तो उकळत्या पाण्यात तसाच टाकू नका. २०२२ च्या प्राणी कल्याणाच्या कायद्याने खेकडे आणि शेवंड यांनाही संवेदना असलेले जीव मानलं आहे, आणि मला ते पटतं. आधी फ्रीझरमध्ये हालचाल पूर्ण थांबेपर्यंत ठेवा. मग उलटा करून पोटाचा पदर उचला. खाली छोटा खळगा दिसतो. त्यातून टोकदार सळई कवचापर्यंत खाली घाला, दुसऱ्यांदा डोळ्यांच्या मधल्या खोलगट जागेतून. काही क्षणांत पाय सैल पडतात. लगेच शिजवायला घ्या.

इथे आपली चिंबोरीची रीत चालत नाही. आपण कच्चा खेकडा फोडून थेट रश्श्यात टाकतो; या खेकड्याचं कवच इतकं जाड असतं की मसाला आत शिरत नाही आणि मांस कवचाला चिकटून राहतं. म्हणून आधी उकडायचं. लिटरभर पाण्याला ३० ग्रॅम मीठ, पाणी पुन्हा उकळू लागल्यापासून किलोच्या खेकड्याला १५ मिनिटं. रश्श्यात पुन्हा जाणार असेल तर १२. बाहेर काढून उलटा निथळत ठेवा. गार पाण्यात बुडवू नका, आत पाणी शिरतं.

आता उघडा. नांग्या आणि पाय पिळून तोडा. खेकडा उभा धरून दोन्ही अंगठ्यांनी खालचा भाग कवचातून वर ढकला. कट्ट असा आवाज होऊन सुटतो. आत दोन्ही बाजूंना राखाडी, मऊ, बोटांसारखे लांबट कल्ले असतात. मोजून काढल्यासारखे सगळे काढा, एकही राहू देऊ नका. डोळ्यांच्या मागची छोटी पिशवीही काढा. कवचातलं तपकिरी मांस चमच्याने वेगळ्या वाटीत घ्या. तेच रश्श्याचा जीव आहे. मधला भाग सुरीने चार तुकडे करा. नांग्यांना बत्त्याचा एकच ठोका, चुरा होईल इतका नको.

लहान पायांचा रस काढताना आणखी एक चूक होते. चिंबोरीचे पाय आपण मिक्सरमधून फिरवून गाळतो. इथले पाय मिक्सरमध्ये घालू नका, पातं जातं. खलबत्त्यात ठेचा, थोड्या पाण्यात २० मिनिटं उकळा, फडक्यातून गाळा आणि ते पाणी रश्श्याला वापरा. मालवणी मसाल्याचा रस्सा त्यावर पूर्ण शिजला की तुकडे आणि नांग्या घालून ६-७ मिनिटं, गॅस बंद करताना तपकिरी मांस कालवा. आधी घातलं तर फुटतं.

*सावधान:* गरोदर स्त्रियांनी आणि मूल होण्याचा विचार करणाऱ्यांनी तेलकट मासा आठवड्यातून दोन वेळांपेक्षा जास्त खाऊ नये, आणि खेकड्याचं तपकिरी मांसही बेतानेच, असा इथल्या आरोग्यसेवेचा सल्ला आहे.

टप्पा १०: मसल्स आणि कॉकल्स

किनाऱ्यावर खडकाला लगडलेले दिसले तरी स्वतः वेचून आणू नका. शिंपल्यांच्या पाण्याची तपासणी करून त्या भागाला अ, ब, क असे वर्ग दिलेले असतात. ब वर्गातले शिंपले साफ करण्याची प्रक्रिया झाल्याशिवाय विकता येत नाहीत. तुम्ही वेचलेल्या खडकाचा वर्ग कुणी तपासलेला नसतो. शेटलंडचे दोरांवर वाढवलेले मसल्स किंवा वेल्समधल्या कॉनवीचे मसल्स खात्रीच्या दुकानातून घ्या, जाळीवरची चिठ्ठी बघून.

घरी वाडग्यात, वर ओलं फडकं, फ्रिजमध्ये. बंद पिशवीत गुदमरतात, पाण्यात मरतात. फुटलेला टाका, उघडा असेल तर टिचकी मारा, मिटला नाही तर टाका. कॉकल्समध्ये वाळू फार असते. लिटरभर पाण्यात ३० ते ३५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात दोन तास थंड जागी ठेवा, मग हाताने उचलून बाहेर काढा. भांडं चाळणीत ओतलंत तर खाली बसलेली वाळू पुन्हा त्यांच्यावरच पडते. पुढे नेहमीचं तिसऱ्यांचं सुकं. मीठ अगदी शेवटी, त्यांच्या अंगच्या पाण्याची चव बघून.

टप्पा ११: उरलेलं गोठवणं

मिश्र पेटी घेतली की एका दिवसात संपत नाही. जास्तीचा मासा त्याच दिवशी गोठवा, तिसऱ्या दिवशी 'आता खराब होईल' म्हणून नव्हे. कोरडा पुसून, एकेक थर कागद घालून, पिशवीतली हवा पूर्ण काढून. मसाला लावून गोठवू नका; मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं आणि वितळल्यावर मासा दोरीसारखा लागतो. तेलकट मासा तीन महिन्यांत संपवा. वितळवायचा तो रात्रभर फ्रिजमध्ये, खाली जाळी ठेवून.

डोकी आणि काटे वेगळ्या पिशवीत जमवा. दोन-तीन फेऱ्यांची जमली की कल्ले काढून २० मिनिटं उकळा, त्याहून जास्त नको, कडवटपणा उतरतो. गाळून डब्यांत भरा. आणि प्रत्येक पिशवीवर तारखेबरोबर बंदर आणि होडीचं नाव लिहा. पुढच्या वेळी त्याच माणसाकडे जाऊन 'तुमचा गर्नार्ड फार सुंदर निघाला' एवढं सांगितलं की तो तुमच्यासाठी पेटी बाजूला ठेवू लागतो.